कोठाराची रेघ

हॅझलबेंड, मंगळवार, २६ ऑगस्ट २००३

लारी,

नऊ वर्षांत तुला एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितोय तेही खुशाली विचारायला नाही.

इंगोल्फ ब्रेकस इस्पितळात आहे. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय, खांदा निखळलाय. त्याची बोट आपल्या बापाच्या झाडांवर फुटली आणि तिथेच खाली बसली, डोलकाठीचं टोक तेवढं पाण्याबाहेर आहे. बायको सेल्मा बरोबर होती, ती मुकामारावर वाचली. हे सगळं तू केलंस.

कसं ते सांगतो, कारण मेडिसिन हॅट शहराच्या डांबरी रस्त्यांवर राहून तू विसरला असशील. धरणाच्या तळ्यातून माझ्या बंदरात यायला वाट एकच, बुडालेल्या ओढ्याच्या पात्रावरून. दोन्ही अंगांना पाण्याखाली बापाची वाळलेली पॉपलरची झाडं उभी. तरंगते बोये टाकून उपयोग नाही, दर हिवाळ्यात बर्फ त्यांना ओढून नेतं. म्हणून आम्ही येतो ते दोन खुणांवर. खाली चर्चचा घुमट आणि त्याच्या मागे टेकाडावर तुझं लाल लाकडी धान्याचं कोठार. घुमट कोठाराच्या बरोबर पोटात दिसला, की बोटीखाली ओढा. घुमट जरा बाजूला सरकला, की खाली झाडं. पस्तीस वर्षं ही रेघ मी येईल त्याला शिकवली. सास्काटूनहून येणारे दातांचे डॉक्टर, ज्यांना शीड कुठल्या टोकाने चढवायचं ते सांगावं लागतं, त्यांनाही ही रेघ पाठ आहे. सरकारी नकाशात ती जागा नुसती निळी आहे.

ते कोठार तू लाकडासाठी विकलंस. शहरातल्या हॉटेलांना म्हणे भिंतींवर ठोकायला जुन्या फळ्या लागतात. बापाने ज्या कोठारात एकवीस वर्षं गहू तोलला, त्याच्या फळ्यांना पाठ टेकून आता लोक बिअर पिणार.

इंगोल्फ दहा दिवस तळ्याच्या वरच्या टोकाला होता. तिथे फोन पोचत नाही. शनिवारी दुपारी परत निघाला तेव्हा पश्चिमेकडच्या वणव्यांचा धूर असा पसरला होता की माझ्या धक्क्यावरून क्रेन धड दिसत नव्हती. त्या धुरात त्याला घुमट दिसला आणि मागे काहीतरी उंच, चकाकणारं. त्या को-ऑपच्या धान्याच्या नव्या पत्र्याच्या टाक्या होत्या. त्याला वाटलं, कोठारावर ऊन पडलंय. त्याने घुमट टाक्यांच्या पोटात धरला आणि सरळ झाडांवर आला. चाळीस वर्षं शीड हाकणारा माणूस. तो चुकला नाही, त्याची खूण चोरीला गेली होती.

माझे कान तुला माहीत आहेत. मोटार खोकली की कुणाची ते मी आत बसून सांगतो. तो आवाज मी कचेरीत ऐकला. लाकूड लाकडावर फुटल्याचा आवाज वेगळा असतो.

मला कुणी कळवलं नव्हतं. एक दिवस उठलो तर टेकाड बोडकं. २ ऑक्टोबरला गाव कमिटी बसणार आहे. बंदराचा करार माझ्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, ते त्या दिवशी ठरेल, आणि ठरणार ते एकाच गोष्टीवर: हे कुणामुळे झालं. सोबत एक कागद आहे. त्यात लिहिलंय की तू कुणालाही न कळवता कोठार पाडलंस. सही कर आणि परत पाठव. दुसरं काही लिहू नकोस.

नेस्टर


गुरुवार, ४ सप्टेंबर

लारी,

कागद आला नाही.

मी रोज पोस्टात जातो आणि व्हर्ना रोज चष्म्यावरून बघते. तुला ती आठवत असेल, आता कमिटीवरही आहे, म्हणजे पत्रं वाटतेही तीच आणि माझा न्याय करणारही तीच. काल सगळ्यांसमोर म्हणाली, "नेस्टर, तू त्याची पत्रं फोडत नाहीस आणि तुझ्या पत्राला मात्र उत्तर हवं. हा कुठला कायदा रे बाबा?" कॉफीच्या टेबलावरचे सगळे म्हातारे हसले. मीही हसलो. धंदा माणसांचा आहे, हसावं लागतं.

हो, फोडत नाही. आईच्या मातीच्या दिवशी, चर्चच्या तळघरात ताटं वाढलेली असताना, तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. हातात उकडलेल्या पिरोहींची ताटली धरून तू म्हणालास, "बापाच्या छातीवर बोटींचे नांगर टाकून पोट भरतोस तू." सगळ्या गावाने ऐकलं. मी त्या दिवशी शपथ घेतली, तुझं पत्र या घरात उघडायचं नाही. नाताळची नऊ आहेत, खणात. जूनमध्ये एक जाडजूड आलं, तेही तिथेच.

आपलं शेत पाण्याखाली गेलं त्याला मी काय करू? मी अठराचा होतो. धरण सरकारने बांधलं. गावाने वीस वर्षं काठावर बसून त्या पाण्याला शिव्या घातल्या, मी त्यात बोट घातली. पहिली क्रेन मी भंगारातून उभी केली, आठवतंय ना? धान्य उचलायच्या साखळ्या होत्या तिला. आज माझ्याकडे अडतीस बोटी आहेत. वसंतात पाण्यात सोडायच्या, शरदात बर्फाच्या आधी उचलायच्या, डोलकाठ्या उतरवायच्या, हिवाळाभर शेडमध्ये जपायच्या. हे सगळं मी माझ्या हाताने उभं केलं. तू काय उभं केलंस? जे उभं होतं ते पाडलंस.

रविवारी इस्पितळात गेलो होतो. पाय वर टांगलेला. मला बघून इंगोल्फ हसला, हे तर फारच वाईट. विचारलं, "कोठार पडलं कधी?" म्हटलं, "तू नव्हतास तेव्हा." तो म्हणाला, "हो, पण कधी?" मी उशी नीट करायला लागलो. सेल्मा कोपऱ्यात विणत बसली होती. सुया थांबवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुन्हा विणायला लागली.

बरं, तुला सांगतो, तुझ्यापाशी लपवून काय करायचं. ते गुरुवारी पडलं. मंगळवारपासून माणसं वर चढलेली दिसत होती. गुरुवारी दुपारी तारेचा दोर बांधून ओढलं, आणि मी धक्क्यावर उभा राहून बघितलं. धूळ पाण्यापर्यंत आली. म्हणजे मधे दोन दिवस होते. दोन दिवसांत मी वाटेच्या दोन्ही बाजूंना रिकामी पिंपं बांधून सोडू शकलो असतो. दोन तासांचं काम. नाही सोडली. म्हटलं, येऊ देत लोक, बघू देत, विचारू देत की रेघ कुठे गेली, मग सांगतो कुणी नेली. असा राग आला होता तुझा.

पण तू पाडलंच नसतंस तर पिंपांचा प्रश्नच कुठे होता? सही कर.

नेस्टर


बुधवार, १७ सप्टेंबर

लारी,

तुझं पाकीट काल आलं. उघडलं, कारण आत काय असणार ते मला माहीत होतं.

सही आहे. दोन ठिकाणी आहे. खाली तुझ्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ: "सही कुठे करायची त्याची खूण केली नव्हतीस, म्हणून वरही केली आणि खालीही."

बस. ना शिवी, ना खुलासा, ना इंगोल्फची चौकशी.

मी जिंकलो. संध्याकाळी बाटली काढली, एकट्यानेच प्यायलो. कागद समोर ठेवला होता. आता कमिटीपुढे ठेवायचा, व्हर्नाच्या नाकासमोर, आणि पुढची दहा वर्षं बंदर माझं. पिंपं आता सोडली आहेत वाटेला, पण वाऱ्याने सरकतात. शिवाय धरणवाले रोज पाणी सोडताहेत. तळं आठवड्याला वीतभर उतरतंय, झाडं वर येताहेत. अडतीस बोटी अजून बाहेरच्या खाडीत बोयांना बांधलेल्या आहेत. बर्फाच्या आधी त्या याच वाटेने आत आणून क्रेनवर घ्यायच्या आहेत. तरी म्हटलं, आधी करार, मग वाट.

आज सकाळी कागद व्हर्नाला दाखवला. तिने दोनदा वाचला. मला वाटलं अभिनंदन करेल. ती म्हणाली, "लारीने हे मुकाट्याने लिहून दिलं? लारीने?" म्हटलं, खरं होतं म्हणून दिलं. ती म्हणाली, "तो माणूस खरं असलं तरी भांडल्याशिवाय कबूल करत नाही. तुम्ही दोघंही करत नाही. बापासारखे आहात." आणि शिक्का मारायला वळली.

दिवसभर ते डोक्यात घोळतंय. तू सात वर्षांचा होतास तेव्हा माझ्या सायकलीची साखळी तुझ्या हातात सापडली होती, ग्रीसने माखलेली, तरी तू तासभर वाद घातलास की ती आपोआप आली. आणि आता एका अनोळखी वकिलाने टाईप केलेल्या कागदावर दोन सह्या?

जूनचं ते जाड पाकीट खणात आहे. त्यावर तिकिटं जास्त लावली आहेस, नेहमीसारखी. मी ते बाहेर काढून टेबलावर ठेवलंय. अजून उघडलेलं नाही.

नेस्टर


शुक्रवार, १९ सप्टेंबर

गाढवा,

सही का केलीस?

मी तुझं जूनचं पत्र वाचलं. आणि वाचून झाल्यावर आपल्या आईची जुनी खुर्ची भिंतीवर आपटली. तिचा एक पाय मोडला. तुझ्या डोक्यात घालायची होती ती.

तू सगळं लिहिलं होतंस. छत कुजलंय, पोरं वर चढतात, विमा कुणी देत नाही, म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाडणार. तारीखसुद्धा. मग पुढे, मी शब्दन् शब्द उतरवतो, म्हणजे तुला कळेल मला काय वाचावं लागलं: "तुझी रेघ त्यावर आहे हे मी विसरलो नाही. वरच्या माळ्याच्या फळ्या, गावाचं नाव रंगवलेल्या, मी विकत नाहीये. त्या माझ्या गाडीखान्यात ठेवतो. टेकाडावर त्याच जागी चार खांब रोवून त्या उभ्या कर, रेघ राहील. पण पाडायच्या आधी सांग म्हणजे जागा चुकणार नाही. सांगितलं नाहीस तर मी पायाच्या दगडात लोखंडी खुंटी ठोकून ठेवीन."

काल टेकाडावर गेलो. गवतात शोधली. खुंटी आहे. वर लाल रंग लावलायस.

म्हणजे तू कळवलं होतंस, उपाय सांगितला होतास, खुंटीही ठोकलीस. मग मी खोटा कागद पाठवल्यावर एक फोन करून मला आईवरून शिवी का दिली नाहीस? माझ्यावर दया दाखवायला तू कोण? धाकटा आहेस तू. नऊ वर्षं मी तुझ्यावर रागावून तग धरून राहिलोय, आणि तू एका सहीत माझ्या हातातून तेही काढून घेतलंस.

त्या झाडांचंही ऐक. ती बापाने वारा अडवायला लावली होती. तू आणि मी बादल्या वाहिल्या त्यांना तीन उन्हाळे. धरणवाले म्हणाले, पाणी यायच्या आधी तोडून देतो. बाप म्हणाला, माझ्या झाडांना हात लावायचा नाही, बुडवायची तर उभी बुडवा. इंगोल्फचा पाय त्या हट्टावर मोडलाय. आणि तोच हट्ट माझ्या खणात दहा पाकिटांत पडून होता.

अजून एक आहे. ते इंगोल्फला सांगितलेलं नाही, कमिटीला नाही, वकिलाला नाही.

त्या शनिवारी साडेतीनला इंगोल्फ रेडिओवर आला. म्हणाला, "नेस्टर, अर्ध्या तासात पोचतो. धूर फार आहे. कॉफी ठेव." माझ्या एका कानाला फोन होता. वकिलाला तुझ्याबद्दल सांगत होतो, भलत्या जोरात. दुसऱ्या कानाने इंगोल्फचं ऐकलं आणि रेडिओत म्हणालो, "ये."

एवढंच. "ये." त्याला कोठार पडल्याचं माहीत नाही, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, कारण कोठारावरूनच मी तुला शिव्या घालत होतो. अख्खा प्रांत माझ्या कानांचं कौतुक करतो.

तुझा कागद मी स्टोव्हमध्ये घातला. दोन्ही सह्यांसकट.

नेस्टर


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

लारी,

काल कमिटी बसली. चर्चच्या त्याच तळघरात. गाव लोटलं होतं, अर्धी माणसं माझ्यासाठी आणि अर्धी व्हर्नाच्या ॲपल पायसाठी. इंगोल्फला चाकाच्या खुर्चीत आणलं होतं. सेल्मा शेजारी, तेच विणकाम घेऊन.

मी उभा राहिलो. वकिलाने शिकवलेलं भाषण खिशात होतं, ते तिथेच ठेवलं. तुझं जूनचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून. मग सांगितलं की ते तीन महिने खणात बंद होतं. गुरुवार ते शनिवार मी पिंपं सोडली नाहीत, तेही सांगितलं. मग सांगितलं की इंगोल्फ रेडिओवर येतोय म्हणाला आणि मी "ये" म्हणालो.

पत्र घडी करून पाकिटात घातलं.

मग सेल्मा बोलली, सुया न थांबवता. "रेडिओ माझ्या हातात होता. मी ऐकलं होतं."

मी विचारलं, मग सहा आठवडे बोलली का नाहीस?

"इंगोल्फ म्हणाला, तो सांगेल. मी म्हणाले, नाही सांगणार. तुझा तो कागद दाखवला असतास ना, तर मी उठून बोलणार होते." तिने विणलेलं उलटून पाहिलं. "मी हरले. बरं झालं."

इंगोल्फने मला माफ केलं असंही नाही. त्याची बोट गेली, आणि या वयात तो दुसरी घेणार नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. जाताना त्याने एवढंच विचारलं, पाणी किती उतरलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मग घाई कर."

कमिटीचा निर्णय व्हर्नाने वाचून दाखवला. करार तूर्त ना ठेवला ना काढला. नवी रेघ घालेपर्यंत एकही बोट वाटेवरून हलवायची नाही. १८ तारखेपर्यंत अडतीसही बोटी धडपणे आत आल्या, तर वसंतात पुन्हा बोलू. एकीलाही ओरखडा आला, तर किल्ल्या द्यायच्या. वाचून झाल्यावर माझ्या ताटात ॲपल पायचा मोठा तुकडा टाकत म्हणाली, "आता जा आणि त्या दुसऱ्या बैलाला पत्र लिही." म्हणून लिहितोय.

चार खांब मी काल दुपारीच टेकाडावर नेऊन टाकलेत. खड्डे खणून झालेत. खुंटी मध्ये धरून मोजलंय. पण नुसत्या मोजण्यावर मी अडतीस बोटी सोडणार नाही. एकाने होडीत बसून ओढ्यात दोरी सोडत जायचं आणि दुसऱ्याने टेकाडावर फळ्या धरून सरकवायच्या, घुमट बरोबर पोटात येईपर्यंत. गावात हात पुष्कळ आहेत. पण तो ओढा पाणी चढायच्या आधी पायांनी चाललेले आता दोघंच उरलेत.

पहिल्यांदा कसं केलं होतं ते तुला आठवतंय का, मला माहीत नाही. मी होडीत, आईची कपडे वाळत घालायची दोरी, टोकाला लोखंडाचा गोळा. तू कोठाराच्या माथ्यावर, पंधरा वर्षांचा, हातात बापाचा लाल सदरा. तू सदरा डावीकडे हलवलास की मी डावीकडे. गावभर मी सांगत आलो की रेघ मी शोधली. तीही माझी थापच.

तेव्हा गाडीखान्यातल्या फळ्या गाडीत घाल आणि ये. गुरुवारी वारा पडेल असं म्हणताहेत, त्याच्या आत. मी पाण्यात असेन, तू टेकाडावर. मी तुझ्यावर अजून रागावलेलो आहे, त्या सहीसाठी, ते समोर आल्यावर बघू. खुर्चीचा पाय तुला बसवावा लागेल, तू सुतार आहेस.

खालून मी हात हलवून खुणा करीन. तू नेहमीप्रमाणे ऐकणार नाहीस. नको ऐकूस. तिथून तुला ओढा दिसतो. मला खालून नुसतं पाणी दिसतं.

नेस्टर